बर्था बेंझची वाट आणि दोन नकाशे

इसवी सन १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत एके दिवशीं पहांटे जर्मनींतील मॅनहाइम शहरांतून एक गृहिणी आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन माहेरीं जावयास निघाली. माहेर होतें फोर्ट्सहाइम येथें, म्हणजे सुमारें शंभर किलोमीटरांवर. आगगाडीची सोय होती. परंतु बाईंनीं ती पत्करली नाहीं. पति कार्ल बेंझ यांनीं बनविलेली तीन चाकांची मोटारगाडी त्यांनीं बाहेर काढली, आणि पतीस न सांगतां त्या वाटेला लागल्या. वाटेंत इंधन संपत आलें तेव्हां वीस्लोख गांवच्या औषधविक्याकडून डाग काढण्याचें लिग्रोइन नांवाचें द्रव्य विकत घेतलें. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले त्यांस चांभाराकडून चामडें मारून घेतलें. आणि चढ आला कीं मुलांनीं खालीं उतरून गाडी ढकलली. फोर्ट्सहाइमला पोहोंचल्यावर पतीस तार गेली. मोटारीनें केलेला जगांतील पहिला लांबचा प्रवास तो हा. मोटारीकरितां काढलेला नकाशा त्या दिवशीं बर्था बेंझ यांच्यापाशीं असण्याचें कारणच नव्हतें. डोळे, तोंडांतील भाषा आणि वाटेवरचीं माणसें एवढ्यावर त्यांचें काम भागलें.

बरोबर १२५ वर्षांनीं, २०१३ च्या ऑगस्टांत, त्याच वाटेवरून दुसरी एक मोटार गेली. ती मर्सिडीज-बेंझ कंपनीची एस-क्लास जातीची मोटार होती, आणि कार्लस्रूए येथील तंत्रविद्येच्या संस्थेंतील संशोधकांनीं व कंपनीच्या तज्ज्ञांनीं मिळून तिला आपली आपण चालावयास शिकविलें होतें. चालकाच्या जागीं माणूस बसलेला असे, तो केवळ प्रसंग पडल्यास आवरण्यापुरता. चाक वळविणें, वेग वाढविणें, थांबणें हें सारें मोटारच करी. दोन शहरें, त्यांच्या मधलीं खेडीं, गोल चौक, सिग्नल, समोरून वाहन आलें तर एकानें थांबावें लागेल अशा अरुंद गल्ल्या, असा तो १०३ किलोमीटरांचा रस्ता. या परीक्षेच्या दिवसांतील एक हकीकत सांगतात. पादचाऱ्यांसाठीं आंखलेल्या पट्ट्यांपाशीं एक वृद्ध बाई उभ्या होत्या, म्हणून मोटार थांबली. बाईंनीं सौजन्यानें हात हालवून मोटारीसच पुढें जाण्याची खूण केली. माणूस असता तर मान लववून पुढें गेला असता. मोटारीला ती खूण वाचतां येईना. बाई कधीं जातात याची वाट पाहत ती आपली उभीच राहिली.

जिला हाताची खूण कळत नाहीं, ती मोटार अनोळखी चौकांत आपली मार्गिका कशी धरणार, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. त्याचें उत्तर असें कीं, तिला तो चौक अनोळखी नव्हताच. रडार व कॅमेरे यांच्या जोडीला तिच्यापाशीं त्या सबंध रस्त्याचा नकाशा होता. आणि तो नकाशा नेहमींच्या नकाशांसारखा नव्हता.

खेड्यांत ज्यांचें शेत आहे त्यांना दोन जातींच्या नकाशांतील भेद सांगावयास नको. गांवनकाशावरून शेत कोणत्या अंगाला आहे, ओढा कोठून जातो, गाडीवाट कोणत्या शिवारांतून येते हें कळतें. परंतु बांधाचा तंटा उभा राहिला म्हणजे तेवढ्यानें भागत नाहीं. मोजणीदारास बोलवावें लागतें, आणि मग वीतभर जमिनीचीही गोष्ट निघते. मोटारीच्या बाबतींत मार्गिका हाच तो बांध होय. मार्गिकेची रुंदी साधारणतः साडेतीन मीटरांच्या आसपास असते, मोटार दोन मीटरांच्या थोडी आंत. म्हणजे दोन्ही अंगांना हातभर मोकळी जागा उरते न उरते. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत जवळजवळ १४ मीटर पुढें जाते. नकाशानें चार-पांच मीटरांची चूक करून ठेविली असेल आणि मोटार केवळ त्यावर विसंबून राहील, तर ती समोरून येणाऱ्याच्या मार्गिकेंत शिरावयाची.

या दोन्ही जातींच्या नकाशांच्या अर्वाचीन इतिहासाचा आरंभ एकाच वर्षीं, २००४ सालीं, व्हावा हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्ट या तरुणानें ओपनस्ट्रीटमॅप नांवाचा उद्योग आरंभिला. इंग्लंडांत १७९१ पासून ऑर्डनन्स सर्व्हे हें सरकारी मोजणी खातें आहे. त्याचे नकाशे उत्कृष्ट. पण त्यांचा संगणकावर उपयोग करावयाचा तर दाम मोजावे लागत आणि जाचक अटी पाळाव्या लागत. कोस्ट यांची कल्पना अशी कीं, प्रत्येकानें आपल्या पायाखालची वाट स्वतः मोजावी व ती सर्वांसाठीं खुली ठेवावी. चार वर्षांपूर्वीं ही कल्पना वेडेपणाची ठरली असती. अमेरिकन सरकार उपग्रहांवरून येणाऱ्या जीपीएस संकेतांत बुद्ध्या दोष मिसळीत असे, आणि त्यामुळें सामान्य माणसाच्या यंत्रांत शंभर मीटरांपर्यंत चूक येई. मे २००० मध्यें तो दोष काढून टाकण्यांत आला, आणि चूक दहा-वीस मीटरांवर आली. सायकलीच्या दांड्याला बांधलेलें लहानसें यंत्र घेऊन रस्त्याची रेषा उमटवावी इतपत शुद्धता त्यामुळें हातीं आली. मे २००६ मध्यें स्वयंसेवकांनीं वाइट बेटावर जमून दोन-तीन दिवसांत तेथील रस्ते पायाखालीं व चाकाखालीं घातले. २०१३ च्या आरंभीं नांव नोंदविणारांची संख्या दहा लाखांवर गेली होती. अर्थात् नांव नोंदविणारे सारेच कांहीं नकाशा काढीत नाहींत, सभासद आणि कार्यकर्ते यांचें प्रमाण येथेंही इतर मंडळांसारखेंच.

या नकाशांत रस्ता म्हणजे बहुधा एकच रेषा. ती रस्त्याच्या मधोमध काढलेली असते, आणि रस्त्याचें नांव, तो एकेरी कीं दुहेरी, त्यावर मार्गिका किती, वेगाची मर्यादा काय हें सारें तिच्यापाशीं चिठ्ठीसारखें लावलेलें असतें. म्हणजे मार्गिका किती हें कळतें. कोठें आहेत हें कळत नाहीं. वास्तविक या नकाशांत प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढें सात स्थळांपर्यंत लिहिले जातात, म्हणजे सुमारें एका सेंटिमीटरापर्यंत. परंतु सात अंक लिहिल्यानें मोजणी सात अंकांइतकी खरी होत नाहीं, हें शाळेंत दशांश अपूर्णांक शिकलेल्या कोणासही मान्य व्हावें.

त्याच २००४ सालीं, १३ मार्च रोजीं, अमेरिकेच्या मोहावी वाळवंटांत तेथील युद्धखात्याच्या डार्पा या संशोधनसंस्थेनें चालकाविना चालणाऱ्या वाहनांची शर्यत लावली. स्पर्धकांना आरंभापूर्वीं फक्त दोन तास मार्गाची यादी देण्यांत आली. तींत ओळीनें ठिकाणें होतीं, आणि प्रत्येक ठिकाणीं वाटेची रुंदी किती व वेग किती ठेवावा हें लिहिलेलें होतें. सुमारें २४० किलोमीटरांपैकीं सर्वांत लांब गेलेलें वाहन १२ किलोमीटरही पुरे करूं शकलें नाहीं. पुढील वर्षीं पांच वाहनांनीं मार्ग पुरा केला, व स्टॅनफर्ड विद्यापीठाचें स्टॅन्ली पहिलें आलें. परंतु नकाशाच्या इतिहासांत महत्त्वाची शर्यत तिसरी. ती ३ नोव्हेंबर २००७ रोजीं व्हिक्टरव्हिल येथें एका बंद पडलेल्या विमानतळाच्या वसाहतींत झाली, आणि तींत चौक, थांबण्याच्या रेषा, इतर वाहनें असा शहराचा संसार होता. तेथें स्पर्धकांना दिलेल्या यादींत रस्ता ही एक वाट राहिली नव्हती. प्रत्येक मार्गिका वेगळी नोंदविलेली होती, आणि कोणत्या मार्गिकेंतून कोणत्या मार्गिकेंत जातां येतें हेंही सांगितलें होतें. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बॉस या वाहनानें ती जिंकली.

आतां पुन्हा जर्मनींत येऊं. कार्लस्रूएच्या मंडळींना १०३ किलोमीटरांचा असा नकाशा हवा होता कीं जो सेंटिमीटरांत बोलेल. त्यांनीं प्रथम तो रस्ता कॅमेरे लावलेल्या मोटारीनें पालथा घातला. त्या चित्रांवरून जमिनीचें, जणूं वरून पाहिलेलें, चित्र तयार केलें, आणि त्यावर मार्गिकांच्या कडा माणसांनीं हातानें गिरविल्या. यंत्राच्या स्वावलंबनाचा जो एवढा गाजावाजा झाला त्याच्या पोटांत हें कारकुनी कष्टाचें काम होतें. त्याची आठवण क्वचितच निघते.

गिरविलेलें ठेवावयाचें कशांत? येथें त्यांनीं जो निर्णय घेतला तो या सर्व कथेचा गाभा आहे. नवी लेखनपद्धति निर्माण न करतां त्यांनीं ओपनस्ट्रीटमॅपचीच पद्धति उचलली. त्या नकाशाचें व्याकरण अगदीं सोपें आहे: बिंदु, बिंदु जोडून झालेली रेषा, आणि रेषांचा एकमेकींशीं संबंध. कार्लस्रूएच्या मंडळींनीं मार्गिकेचा लहानसा तुकडा घेतला, त्याची डावी कड एक रेषा, उजवी कड दुसरी रेषा, आणि या दोहोंना बांधणारा एक संबंध अशी नोंद केली. या तुकड्याला त्यांनीं लेनलेट असें नांव दिलें. वेगाची मर्यादा, सिग्नल, थांबण्याची रेषा, प्रथम जाण्याचा हक्क कोणाचा, हे नियम त्या तुकड्यांना जोडले. बेंडर, झीग्लर व स्टिलर यांनीं २०१४ सालीं ही पद्धति प्रसिद्ध केली. लाभ असा झाला कीं, स्वयंसेवकांनीं आपल्या कामाकरितां जीं फुकट साधनें घडविलीं होतीं तींच येथें जशीच्या तशीं वापरतां आलीं. थोडक्यांत, शेजाऱ्याकडून भांडें आणलें. धान्य मात्र आपल्या शेतांतलें.

धान्यही शेजाऱ्याचें कां घेतलें नाहीं, हें समजून घेतलें म्हणजे दोन नकाशांची जोड किती नाजूक आहे तें ध्यानांत येतें. मोजणीशास्त्राचा जुना दंडक असा कीं, आधीं समग्र, मग अंश. विल्यम लॅम्बटन यांनीं १८०२ मध्यें मद्रासजवळ आधाररेषा मोजून हिंदुस्थानची जी त्रिकोणी मोजणी आरंभिली, आणि जिच्या कामावर असतांना १८२३ मध्यें वऱ्हाडाच्या शेजारीं हिंगणघाट येथें त्यांचा अंत झाला, ती याच दंडकानें चालली होती: प्रथम मोठे त्रिकोण, मग त्यांच्या पोटांत लहान. लहान मोजणीची चूक मोठ्या त्रिकोणांत अडकून पडे, पसरत नसे. ओपनस्ट्रीटमॅप याच्या उलट वाढला. कोणी आपली गल्ली काढली, कोणी आपलें गांव, आणि कडेला कड लागत जगाचा नकाशा झाला. मार्गिकांचा नकाशा तिसऱ्याच तऱ्हेचा. तो मोटारीच्या भोंवतीं अत्यंत शुद्ध असतो, पण जगाच्या मानानें सबंधच्या सबंध थोडा सरकलेला असला तरी मोटारीस त्याचें सोयरसुतक नसतें. कारण कॅमेऱ्याला दिसणारी कड आणि नकाशांतील कड जुळली म्हणजे तिचें काम झालें. एक नकाशा सर्वत्र थोडा थोडा सैल, दुसरा जागच्या जागीं घट्ट.

तेव्हां दोन्ही नकाशे एकमेकांवर नुसते ठेवून भागत नाहीं. अक्षांश-रेखांश पाहून जोड लावूं गेल्यास मुख्य रस्त्याची मार्गिका शेजारच्या सेवारस्त्याला चिकटते, किंवा पुलावरची खालच्या रस्त्याला. पूल आणि त्याखालचा रस्ता यांचे अक्षांश-रेखांश तर एकच! शिवाय एकांत चौक म्हणजे एक बिंदु, दुसऱ्यांत तोच चौक म्हणजे वळणाच्या डझनभर पट्ट्या. म्हणून जोड लावावी लागते ती क्रमावरून: कोणत्या रस्त्यानंतर कोणता, कोठें किती फांटे फुटतात, कोणता एकेरी. जमिनीचाही भरंवसा नाहीं. ऑस्ट्रेलिया खंड वर्षाला सुमारें सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. तेथील मोजणीचा जुना आधार १९९४ चा होता. २०२० चा नवा आधार स्वीकारतांना प्रत्येक स्थळ सुमारें १.८ मीटर हललेलें निघालें. म्हणजे अर्धी मार्गिका. गांवनकाशाला याचें कांहींच नाहीं. मार्गिकांच्या नकाशाला तें जीवन्मरणाचें.

एवढी दगदग करून जोड तरी कशाला लावावी? याचें कारण घट्ट नकाशाच्या स्वभावांत आहे. तो लवकर शिळा होतो. रस्त्यावर पट्टे नव्यानें आंखले, चौकाचा गोल चौक झाला, कीं कालचा बिनचूक नकाशा आज अपायकारक ठरतो, आणि मोजणीची मोटार पुन्हा पाठविल्यावांचून दुरुस्ती होत नाहीं. उलट रस्ता खणला, पूल बंद झाला, नवी वाट फुटली, ही वार्ता तेथेंच राहणारा मनुष्य खुल्या नकाशांत त्याच संध्याकाळीं टिपूं शकतो. २०१० च्या जानेवारींत हैती देशांत भूकंप झाला तेव्हां पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा तपशीलवार नकाशा दूरदेशींच्या स्वयंसेवकांनीं उपग्रहचित्रांवरून थोड्या दिवसांत उभा केला होता. म्हणून कोणत्या रस्त्यानें जावें हें सैल नकाशानें सांगावें, आणि त्या रस्त्यावर नेमकें कोठून जावें हें घट्ट नकाशानें, अशी कामाची वांटणी स्वाभाविक ठरते. चूक संभवते ती या वांटणीच्या सांध्यांत. सैल नकाशा म्हणतो वाट बंद, घट्ट नकाशा म्हणतो उघडी, कोणाचें ऐकावें? पहिल्यांत कोणीही लिहूं शकतो, म्हणून खोडसाळपणाही संभवतो. दुसऱ्यांत फक्त मालक लिहितो, म्हणून तो लिहीपर्यंत थांबावें लागतें. समंजस रचनाकार येथें दोघांवरही पुरता विश्वास टाकीत नाहींत. मोटारीच्या डोळ्यांना तिसरा साक्षीदार मानतात, आणि साक्षी जुळल्या नाहींत तर वेग कमी करावा हें बरें असें समजतात.

दुसरा सांधा कायद्याचा. सप्टेंबर २०१२ मध्यें ओपनस्ट्रीटमॅपनें आपला परवाना बदलला. या परवान्याप्रमाणें जो कोणी ही माहिती घेऊन तींत फेरफार करील व तयार झालेला संग्रह लोकांत आणील, त्यानें तो संग्रहही त्याच अटींवर खुला केला पाहिजे. मात्र खुला संग्रह आणि दुसरा स्वतंत्र संग्रह हे केवळ शेजारीं शेजारीं ठेविले, तर दुसऱ्याला ही अट लागत नाहीं. आतां मार्गिकांचे नकाशे करावयास पैसा किती लागतो? २०१५ मध्यें ऑडी, बीएमडब्ल्यू व डाइम्लर या एरवीं एकमेकांशीं चुरस करणाऱ्या तीन जर्मन कंपन्यांनीं एकत्र येऊन हिअर ही नकाशांची संस्था नोकियाकडून सुमारें २.८ अब्ज युरो देऊन घेतली. एवढें द्रव्य ओतलेला संग्रह कोण सहजासहजीं खुला करील? म्हणून दोन्ही नकाशे मिसळावयाचे नाहींत, बांधावयाचे, अशी रीत पडली. दूध-पाणी नव्हे, पदराला पदर.

बांधावयाचें तर गांठ मारण्यास पक्कें टोंक पाहिजे, आणि खुल्या नकाशाची जुनी अडचण अशी कीं, कोणी एका रस्त्याचे दोन तुकडे केले कीं त्याचा ओळखक्रमांक बदलतो व गांठ सुटते. डिसेंबर २०२२ मध्यें ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनीं ओव्हर्चर नांवाची संस्था स्थापिली, तिच्या उद्देशांपैकीं एक हाच: रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला टिकाऊ क्रमांक द्यावा, म्हणजे त्याला ज्याची त्यानें आपली माहिती बांधावी. या संस्थेच्या रस्त्यांच्या संग्रहाला मूळ आधार ओपनस्ट्रीटमॅपचाच आहे. ज्या बड्यांना एकेकाळीं सायकलवाल्यांचा हा उद्योग पोरखेळ वाटला असेल, त्यांनीं त्याच्याच पायावर घर बांधावें याचें कौतुक वाटतें, आणि पुढें घरमालक कोण म्हणविणार याची शंकाही येते. लेनलेटची पद्धति मात्र खुली राहिली. २०१८ मध्यें कार्लस्रूएच्याच मंडळींनीं तिची सुधारलेली दुसरी आवृत्ति सर्वांस मोफत दिली, आणि जपानांत नागोया विद्यापीठांत जन्मलेली ऑटोवेअर ही खुली वाहनचालनाची योजना आपले नकाशे याच पद्धतींत ठेवते.

हिंदुस्थानांत या प्रश्नाला एक वेगळीच कड आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर आपले रस्ते आहेत, आणि एकाच रस्त्याचें नांव मराठींतही नोंदविण्याची तींत स्वतंत्र सोय आहे. परंतु १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें नकाशांविषयीं जे नवे नियम जाहीर केले, त्यांनीं भारतीय संस्थांना पूर्वींच्या परवानग्यांतून मोकळें केलें आणि त्याचबरोबर एक मर्यादा आंखली: आडव्या अंतरांत एक मीटर व उंचींत तीन मीटर. याहून सूक्ष्म माहिती भारतीय संस्थांनींच गोळा करावी व ती देशांतच ठेवावी. रस्त्यावरून मोटार फिरवून करावयाची मोजणीही भारतीयांनींच करावयाची. त्यामुळें २०२२ च्या जुलैंत गूगलनें रस्त्यांचीं चित्रें दाखविण्याची सोय आपल्याकडे आणली, तेव्हां मुंबई, पुणें, नाशिक व त्या वेळचें अहमदनगर धरून दहा शहरांतील चित्रें जेनेसिस इंटरनॅशनल व टेक महिंद्र या भारतीय कंपन्यांनीं काढलेलीं होतीं. मार्गिकांचा नकाशा एका मीटराच्या आंतलाच असावयाचा, आणि ओपनस्ट्रीटमॅपचा संग्रह सांभाळणारी संस्था इंग्लंडांत नोंदलेली आहे. कार्लस्रूएला जो सांधा सोयीसाठीं व परवान्यासाठीं राखावा लागला, तो येथें देशाच्या नियमानेंच आंखून दिलेला आहे.